अस्सल कार्बोरेटर जतन करण्याची पद्धत

जी गाडी कालपासून बंद आहे ती बिघडलेली असते. जी वर्षभर बंद आहे ती भंगार असते. आणि जी तीस वर्षे बंद आहे ती वारसा असते. माणसाने फक्त मधल्या काळात धीर धरायचा असतो. काम तसे अवघड नाही, पण घरात बायको असते.

हे सत्य जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत मान्य झाल्यामुळे इकडे ‘खान्देश जुनी वाहने जतन मंडळ’ स्थापन झाले. मंडळाकडे एकाच कंपनीच्या सात मोटारसायकली आहेत. (कंपनी गाड्यांच्या आधी बंद पडली.) सातही गाड्यांची स्थिती उत्तम आहे. चालू एकही नाही, कारण चालली की स्थिती बिघडते. दर प्रजासत्ताक दिनाला या गाड्यांची भव्य फेरी निघते, ती रावेरच्या केळीच्या ट्रकमधून. गेल्या खेपेला ट्रकच रस्त्यात बंद पडला. मंडळाने त्यालाही सदस्य करून घेतले.

मंडळाचे नियम दोनच. पहिला, गाडीला डुप्लिकेट पार्ट बसवू नये. बसवल्यास नाव कमी होईल. दुसरा, अस्सल पार्ट मिळाल्यास तोही बसवू नये, कारण बसवला की झिजतो, आणि झिजला की दुसरा मिळत नाही. या दोन नियमांमधून जी वाट उरते, तिच्यावरून गाडी खुशाल चालवावी.

मंडळाचे अध्यक्ष रुपचंद नाना पिंप्राळ्यात राहतात. त्यांची मोटारसायकल पुढच्या खोलीत चादर पांघरून उभी असते, त्यामुळे पाहुणेही उभे असतात. तिचा कार्बोरेटर कधीच गेला; त्याच्या जागी मिळवलेला कोरा अस्सल कार्बोरेटर कपाटात आहे. तो बेबाबाईच्या लग्नातल्या शालूत गुंडाळलेला असतो. दसऱ्याला बाहेर काढायचा, हळदकुंकू वाहायचे, परत ठेवायचा. बेबाबाई म्हणजे नानांची बायको. भाचीच्या लग्नाला नेसायला तिने शालू मागितला, तर नाना म्हणाले, कार्बोरेटर उघडा पडेल. बेबाबाई त्याच दिवशी मुक्ताईनगरला भावाकडे निघून गेली. (आक्षेप तांत्रिक स्वरूपाचा नसल्याने मंडळाने त्याची दखल घेतली नाही.)

नानांनी फोन केला तेव्हा तिने मोजकेच सांगितले.

“लग्नात मले ज्या गाडीवर आनलं, त्याच गाडीवर घ्यायले या. एस्टीनं आले, तं एस्टीनंच परत जा.”

नानांना कांदा चिरण्यापलीकडे स्वयंपाक येत नाही. शेव-मुरमुऱ्यावर दिवस काढता काढता त्यांना गाडी चालू करण्याचे महत्त्व पटले. कपाटातला कार्बोरेटर बसवून टाका, असे मंडळाचा चिटणीस म्हणून मी सुचवून पाहिले. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला कामाला लावा म्हटल्यासारखे नानांनी माझ्याकडे पाहिले. मग ते अशा कार्बोरेटरच्या शोधात निघाले, जो अस्सल असेल, पण जपून ठेवण्याइतका नसेल.

शोधाची पद्धत ठरलेली आहे. जळगावचा दुकानदार पार्टचे नाव ऐकून आधी गिऱ्हाइकाच्या तब्येतीची चौकशी करतो, मग रावेरला पाठवतो. रावेरला विक्रम पाटील म्हणून एक केळीचे व्यापारी जुन्या गाड्यांचे जाणकार समजले जातात. (त्यांच्याकडे गाडी नाही. म्हणून त्यांना विचार करायला वेळ मिळतो.) त्यांनी डोळे मिटले आणि सांगितले, की हा माल आता एकाच माणसाकडे उरला आहे. पिंप्राळ्यात कोणी रुपचंद आहे. पण तो महाचिकट, कोणाला हातसुद्धा लावू देत नाही.

असा माणूस आपल्याच भागात राहतो, हे ऐकून नानांना मनापासून वाईट वाटले. ओळख एस्टीत बसल्यावर पटली.

मग धुळे. तिथे हाशम मिस्त्रींनी पत्र्याच्या डब्यातून चिंध्यांत बांधलेला एक कार्बोरेटर काढला. नानांनी चष्मा पुसून तो उलटसुलट पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

“हाशमभाई, ह्याच्यावर तर कंपनीचा शिक्का आहे.”

“तेच तं सांगी ऱ्हायनू नाना. अस्सल शे. बसाडी देऊ का?”

“अस्सल आहे तर बसवायचा कसा?”

हाशम मिस्त्रींनी शांतपणे विचारले, की मग डुप्लिकेट देऊ का. नाना म्हणाले, नाव कमी होईल.

“मंग नाना, सायकल लई ल्या,” असा खरेदीचा सल्ला देऊन मिस्त्री दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

नानांनी तो कार्बोरेटर विकत घेतला आणि घरी आणून कपाटात पहिल्याच्या शेजारी ठेवला. आता गाडी दुप्पट सुरक्षित झाली होती. ही प्रगती बेबाबाईला दाखवावी, म्हणजे तिचा राग जाईल, असा हिशेब करून त्यांनी पहिला कार्बोरेटर शालूसकट मांडीवर घेतला आणि मुक्ताईनगरची एस्टी पकडली.

बेबाबाई भावाच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालत होती. नानांनी शालू उलगडला. असे दोन आहेत, त्यामुळे गाडी केव्हाही चालू होऊ शकते आणि म्हणूनच ती करायची गरज नाही, हे त्यांनी सविस्तर समजावले. बेबाबाईने हातातला बिबडा कापडावर पुरता पसरला.

“मले तं रोज वापरलं. धुनं, भांडे, सैपाक, तुमच्या मायचं दुखनंखुपनं. तवा नाही म्हनलं, ही अस्सल आहे, झिजन, कपाटात ठेवा.”

यावर मंडळाचा कोणताही नियम लागू होत नव्हता.

बेबाबाईने शालू झटकून खांद्यावर टाकला. सातपुड्याकडून वारा सुटला होता आणि बिबड्यांखालचे कापड उडत होते. तिने कार्बोरेटर उचलला आणि कापडाच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवला. दोन्ही जिल्ह्यांत प्रत्यक्ष वापरात असलेला तो एकमेव अस्सल कार्बोरेटर होय.

नानांना तो उन्हात सोडून जाता येईना. उचलावा तर बिबडे उडतील, आणि समोर बेबाबाई उभी. ते शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने तिने त्यांच्या हातात कावळे हाकायची काठी दिली, आणि मग चहा. बिबड्यांनंतर कुरडया झाल्या, कुरडयांनंतर मिरच्या आल्या. नाना अजून गच्चीवरच आहेत, आणि दोन वेळा गरम जेवतात. मंडळाच्या अहवालात याची नोंद ‘यशस्वी जोडणी’ अशी झाली आहे.

हे वाचून काही जण हसत असतील. मंडळाची हरकत नाही. हसून झाल्यावर त्यांनी काचेच्या कपाटातली, पाहुण्यांसाठी ठेवलेली कपबशी काढावी आणि तिच्यात घरच्या माणसाला चहा द्यावा. जाता जाता टीव्हीच्या रिमोटवरचे प्लास्टिकही काढावे. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी सदस्यत्वासाठी अर्ज करू नये. त्यांची नावे आम्ही आधीच नोंदवून घेतली आहेत.