शेंदूर पुसणारे दौलतभाऊ

शेंदूर दिसला की आमच्या दौलतभाऊंचं डोकं फिरतं. त्यांच्या दुकानात कोणी शेंदराची पुडी मागितली तर ते असे बघतात, की बिचारा हळद घेऊन घरी जातो.

भांडण आहे ते जंगलातल्या एका गोट्यापायी. मूल गावाच्या वाटेवर, नाला वळतो तिथं कमरेएवढी शिळा उभी आहे. तिच्यावर भालावाला माणूस कोरलाय आणि त्याच्या अंगावर वाघ. कोण्या जमान्यात वाघाशी झुंजून मेलेल्या गड्याची ती आठवण. आमची रीत साधी. येताजाता तिथं एक हिरवी डहाळी टाकायची आणि चालू लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना कोणीतरी त्याला कुंकवाचं बोट लावलं. दुसऱ्यानं शेंदूर फासला. आठवड्यात झेंडा, घंटा आणि बोकडाचे नवस! दौलतभाऊ रोज सकाळी घासलेटात नारळाची शेंडी बुडवून गोटा घासत आणि शिव्या देत. त्या शिव्यांनी भर श्रावणात सागाची पानं गळली. तिथली वाघीण पिल्लांचे कान झाकून नाल्यापलीकडे राहायला गेली.

माझा नागपूरचा साळा एकदा तिथं हात जोडून उभा राहिला.

"काय मांगून राह्यला बे त्याले?" दौलतभाऊंनी विचारलं.

"बदली."

"थो सोता वाघाच्या तोंडातून सुटला नाई, तुले कुठून सोडवन?"

चीड मलाही येत होती. ज्यांनी जन्मात तिथं एक डहाळी टाकली नाही, त्यांनी देवस्थान समिती काढली. टिनाचं शेड, फरशी, दानपेटी, सारं ठरलं. माजी सरपंच अध्यक्ष. एका सकाळी ते डबाभर शेंदूर घेऊन निघाले, मागे अर्धं गाव. जवळ येताच सगळ्यांनी चपला काढल्या.

दौलतभाऊ गोट्याला पाठ टेकून बसलेले. आता जंगल फाटणार म्हणून मी कानांवर हात ठेवले.

"देव होऊन राह्यला तर होऊ द्या ना, भाऊ," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं काय जाते?"

दौलतभाऊ ओरडलेच नाहीत. तिथंच आम्ही घाबरलो.

"देवासाठी कोणी रडत नाई," ते म्हणाले. "माही सुमन बी वाघानंच नेली. तिचा गोटा वर टेकडीवर हाये. आज याले शेंदूर फासला, उद्या तिले फासान. मंग मी बायकोसाठी कुठी रडू?"

सुमनवहिनी गेल्या तेव्हा हा माणूस रडला नव्हता. महिनाभर नुसता साऱ्या गावाला शिव्या देत फिरत होता.

अध्यक्षांची दोन बोटं डब्यात बुडालेली होती. त्यांनी ती बाहेर काढली, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच आपल्याच पांढऱ्या सदऱ्याला पुसली.

"उभे काऊन आहा आता?" दौलतभाऊ बसक्या आवाजात खेकसले. "चपला घाला पायात. काटे हायेत इथी."