काटुलीचा रोजचा उपवास

एका जंगलात, म्हणजे दोन टेकड्या, एक ओढा आणि एक मोठे दुकान असलेल्या जंगलात, काटुली नावाची छोटी सायाळ राहत होती. मुलांनो, सायाळ म्हणजे पाठभर काटे असलेला प्राणी. तिला हात लावायचा नाही. फक्त गोष्ट ऐकायची.

काटुलीला गहू सोसत नसे. गव्हाचा कण पोटात गेला तरी तिचे काटे ताठ होत आणि सूं सूं करत सुटत. एकदा वर्गात तिने चुकून अर्धे बिस्कीट खाल्ले. तेव्हापासून फळ्याला सोळा भोके आहेत. साळुंकीबाई त्यांवर नकाशा टांगतात.

शाळेत एक पद्धत होती. ज्याचा वाढदिवस असेल त्याने खाऊ आणायचा आणि सगळ्यांनी तो एकदम तोंडात टाकायचा. काटुली दर वेळी आपला खाऊ हळूच दप्तरात सरकवी आणि नुसते तोंड हलवी. तिला हे इतके छान जमू लागले होते की बाईंनाही कळत नसे.

"उद्या माझा वाढदिवस आहे," ती आईला म्हणाली. "उद्या तरी मला खरंखरं चावायचंय."

म्हणून दोघी अस्वलशेठच्या दुकानात गेल्या. तिथे ढकलगाड्या होत्या. आईने घेतलेल्या गाडीचे एक चाक हट्टी निघाले. गाडी सारखी डावीकडे जाई. त्यामुळे दोघी तीनदा साबणांपाशी पोचल्या. चौथ्यांदा 'खास आहार' अशी पाटी दिसली.

तिथे गहूमुक्त पाणी होते. गहूमुक्त मीठ होते. गहूमुक्त केरसुणीही होती. एका चकचकीत डब्यात परदेशी जंगलातली बिस्किटे होती. आईने वास घेतला.

"ही तर झाडाची साल आहे," ती म्हणाली. "आपण जेवणात खातो तीच."

शेवटी एक सुंदर केक सापडला. खोक्यावर टपोऱ्या अक्षरांत 'गहूमुक्त' असे लिहिले होते. काटुलीचे डोळे चमकले. आईने खोके उलटे केले. खाली, मुंगीने मुंगीसाठी लिहावे इतक्या बारीक अक्षरांत, आणखी एक ओळ होती : 'या केकचे पीठ पावाच्याच परातीत कालवले आहे.'

काटुलीने केक परत ठेवला. गाडी पुन्हा साबणांकडे निघाली.

मग आई अस्वलशेठकडे गेली. "शेठ, गव्हाशिवाय काही गोड आहे का? हिने गहू खाल्ला की काटे सुटतात."

"थोडा खाल्ला तर?"

"थोडे सुटतात."

मागे रांगेत घोरपडमावशी उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारले नव्हते, म्हणून त्या लगेच बोलल्या. "मैदा चालत असेल की."

"मैदा गव्हाचाच असतो, मावशी."

"पांढरा असतो तो."

"तरी गव्हाचाच."

"मग रवा द्या."

"रवाही गव्हाचाच."

"बघा," मावशी रांगेकडे वळून म्हणाल्या, "सगळं गव्हावरच ढकलते ही."

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही," अस्वलशेठ म्हणाले. "लाड आहेत हे, वहिनी. रोज चिमूटभर कणीक चारा. सवय होईल."

काटुली लाजाळू होती. मोठे बोलू लागले की ती खाली बघे. आताही ती खाली बघत होती, म्हणून तिला सगळ्यात खालचा कप्पा दिसला. तिथे एक बरणी होती. बरणीत गोल, पांढरट, हलके लाडू होते.

"आई, ते बघ."

"ते राहू दे, पोरी," शेठ म्हणाले. "राजगिऱ्याचे लाडू आहेत ते, उपवासाचे. राजगिरा, गूळ आणि दाणे. एकादशी परवा आहे. तुझा आज उपवास आहे का?"

आई 'नाही' म्हणणार होती. पण जी काटुली हजेरीलाही नुसती मान हलवी, ती म्हणाली, "हो."

"कशाचा?"

"गव्हाचा."

"किती दिवस?"

"रोजच."

अस्वलशेठनी कोपरापर्यंत हात धुतले. मग ते खाली वाकले आणि दोन्ही हातांनी बरणी वर घेतली.

"काळजी करू नका, वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले. "उपवासाच्या मालाला गव्हाचा हातसुद्धा लागू देत नाही मी. परात वेगळी, चमचा वेगळा, फडकं वेगळं. हिंगही या कोपऱ्यात आणत नाही. हिंगात कणीक मिसळलेली असते."

"हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय. उपवास मोडला तर पाप कुणाला लागेल?"

घोरपडमावशींनी हात जोडले. "एवढीशी पोर, आणि रोज. मला एकादशीला दुपार गाठवत नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाच्या हातात एकेक लाडू आला. सगळ्यांनी तो एकदम तोंडात टाकला. काटुलीनेही टाकला. साळुंकीबाई नकाशामागे जाऊन उभ्या राहिल्या.

काटुलीने चावले. पुन्हा चावले. एकही काटा हलला नाही. मग तिने इतक्या जोरात कुरुमकुरुम केले की बाई बाहेर आल्या.

तेवढ्यात दाराशी गर्दी झाली. रोज उपवास करणाऱ्या मुलीला बघायला अर्धे जंगल आले होते. एका रानडुकराने वाटीभर शिरा आणला होता.

"शिरा?" घोरपडमावशी त्याच्यावर खेकसल्या. "त्यात रवा असतो. रवा गव्हाचाच असतो, एवढंही कळत नाही? मैदाही गव्हाचाच. शिकवायचं तरी किती तुम्हाला."

रानडुक्कर ओशाळले. त्याने शिरा स्वतःच खाल्ला.

काटुलीचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. शेवटच्या बाकावर चुणी नावाची छोटी चिचुंद्री बसली होती. चुणीचे तोंड हलत होते. पण आवाज येत नव्हता. आणि तिचे दप्तर किंचित उघडे होते.

काटुली तिच्या शेजारी जाऊन बसली. "तुला कशानं होतं?"

"दाण्यांनी," चुणी कुजबुजली. "तोंड फुगतं. घरी म्हणतात, नाटकं करते."

काटुलीने खूप विचार केला. "दाणे उपवासाला चालतात. तुझं अवघड आहे."

चुणीने मान खाली घातली.

"थांब," काटुली म्हणाली. "काशीला गेलं की तिथे एक आवडती वस्तू सोडून येतात. मग ती जन्मभर खात नाहीत. तू सांग, मी काशीला गेले होते, दाणे सोडून आले."

"पण मी ओढ्याच्या पलीकडेसुद्धा गेले नाहीये."

"ते कुणी विचारत नाही," काटुली म्हणाली आणि दुसरा लाडू तोंडात टाकला.

तात्पर्य : मुलांनो, डॉक्टरांशी नेहमी खरे बोलावे. दुकानात जाताना मात्र उपवास धरून जावे.