वाघमारे सिस्टरांचा आठवडा

मी जुनी गाडी घेतली तेव्हा वाघमारे सिस्टरांनी तिच्या बॉनेटला स्टेथोस्कोप लावला होता. गंमत म्हणून नव्हे. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, डोळे मिटले, नळी इकडून तिकडं सरकवली आणि म्हणाल्या, "उजव्या बाजूला घरघर हाय. आधीच्या मालकानं काय हिस्ट्री दिली?"

मी म्हणालो, काहीच नाही.

"म्हंजे तुम्ही इचारलीच नाय. आधी हिस्ट्री, मग बाकीचं."

आठवड्यानं मेकॅनिकनं उजव्या बाजूचाच कसलासा पट्टा बदलला. तेव्हापासून मी सिस्टरांना विचारल्याशिवाय झाडूसुद्धा आणत नाही.

सिस्टर सिडको वसाहतीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. गाव देवगाव रंगारी. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली, लग्न केलं नाही. त्यांचं नाव शकुंतला आहे हे मला त्यांच्या वीजबिलावरून कळलं, कारण पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात.

त्यांच्या घरात एकही वस्तू नवी घेतलेली नाही. त्या मोबाइलवर जाहिराती बघतात आणि विकणाऱ्याच्या घरी जाऊन तासभर बसतात. कधीपासून वापरता, मधी काही दुखणं, काही ऑपरेशन, आता काऊन काढू राहिले. उत्तरं पटली तरच वस्तू घरी येते, आणि आलेल्या पाहुण्याला तिची ओळख करून दिली जाते. "हे कपाट कोर्टातल्या कारकुनाचं. माणूस घाबरट, त्यानं तीन कुलपं बसवली. हा मिक्सर पुण्याकडच्या पोरीचा. लग्न मोडलं, मिक्सर चांगला निघाला." नव्या वस्तूवर त्यांचा भरवसा नाही. नवी वस्तू म्हणजे बेशुद्धीत आणलेला अनोळखी पेशंट, असं त्यांचं मत आहे.

अशा बाईनं मागच्या वर्षी पेट्रोल पंपावर एक कूपन भरलं. भरलं म्हणजे मीच भरलं. मी पेट्रोल टाकत होतो, त्या शेजारच्या सीटवर होत्या, आणि कूपनवर मी कंटाळून त्यांचा नंबर लिहिला. तीन दिवसांनी त्यांना अभिनंदनाचा फोन आला. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात हॉलिडे मेंबरशिपची माहिती, सोबत जेवण, वर भेटवस्तू. अट एकच, जोडप्यानं यायचं.

"जोडपं पाहिजे म्हणू राहिले," सिस्टर मला म्हणाल्या. "मी सांगितलं, जोडपं नाय, नातेवाईक आणते. तुम्ही चला. नंबर तुम्हीच लिहिला."

गेलो. तिथं फॉर्ममध्ये नातं लिहायचा रकाना होता. सिस्टरांनी माझ्यासमोर लिहिलं: पेशंटचा नातेवाईक.

टाय लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला टेबलावर बसवलं आणि समुद्राची चित्रं दाखवली. एकदा पैसे भरायचे, मग पंचवीस वर्षं दरवर्षी सात दिवस त्यांच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहायचं. वार्षिक देखभाल फी वेगळी. "बेस्ट बात ये है मॅडम, तारखेचं बंधन नाही. केव्हाही या, कुठंही या."

"मला त्रेसष्टावं चालू हाय," सिस्टर म्हणाल्या. "पंचवीस वर्षांनी अठ्ठ्याऐंशी. समद्या ठिकाणी लिफ्ट हाय का?"

"मॅडम, तोवर तुमची मुलं वापरतील."

"मुलं नायत."

"भाचे, पुतणे?"

"त्यांच्यासाठी घर ठेवणार हाय मी. त्यांचं तेवढ्यात भागंल."

गृहस्थ आशेनं माझ्याकडं वळले. मी म्हणालो, मी नातेवाईक. मग त्यांनी शेवटचा कागद काढला. आज सही केली तर मोठी सूट, उद्यापासून पूर्ण किंमत. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "आजच ऑपरेशन करा, उद्या उशीर होईल, असं ज्या पेशंटला बाहेर खासगीत सांगितलेलं असायचं, त्याला मी पयले चहा पाजायचे. बहुतेकांना काय झालेलं नसायचं."

आम्ही जेवलो, काचेचे सहा पेले घेतले आणि निघालो. पेले नवे कोरे होते म्हणून सिस्टरांनी ते मला देऊन टाकले. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वही घेऊन आल्या. मधोमध रेघ. एका बाजूला "कंपनीकडून", दुसऱ्या बाजूला "माणसाकडून". रात्रीतून त्यांनी शोधून काढलं होतं की मेंबरशिप घेऊन कंटाळलेले लोक उरलेली वर्षं स्वस्तात विकतात. पण त्यातही गोम होती. नाव बदलायला कंपनीची चिठ्ठी लागते, आधीच्या मालकानं फी थकवलेली असली तर ती आपल्या गळ्यात येते, आणि कंपनीच्या काही सवलती दुसऱ्या मालकाला मिळत नाहीत.

"पण सिस्टर, तुम्हाला फिरायचंय तर सरळ हॉटेल बुक करू ना आपण. वाटेल तेव्हा जा."

"हॉटेल नको," त्या म्हणाल्या. "मला कागद पाहिजे."

या उत्तराचा मला काही अर्थ लागला नाही. बायको म्हणाली, वय झालं की माणसाला एखादं खूळ लागतंच, तुम्ही गाडी काढा.

पहिली जाहिरात बिडकीनची निघाली. सोपानराव नावाचे मेंढपाळ. जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, पैसा आला, त्यातून चकचकीत फरशीचा बंगला उभा राहिला आणि त्याच लाटेत कुणीतरी त्यांच्या गळ्यात ही मेंबरशिपही मारली. बंगल्याच्या पोर्चमध्ये मोटारीच्या जागी मेंढ्या बसल्या होत्या.

"हिस्ट्री सांगा," सिस्टर म्हणाल्या.

"काय सांगू बाई. एकदाच गेलतो, गोव्याला. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. म्हणं मेंढरं चरंनात, गेटाकडं बघू राहिलीत. मंग मी म्हणलं, फोन त्यायच्या कानाला लाव. आन् बाल्कनीत उभं राहून हाळी देली."

"चरली का?"

"मेंढरं चरली. पण समद्या रिसॉर्टमधली माणसं बाहेर आली. मॅनेजर म्हणला, इथं आवाज करता येत नाय. तिसऱ्या दिवशी वापस आलो."

सोपानरावांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. अजून तेवीस वर्षं शिल्लक होती, आणि किंमत कंपनीच्या पाव हिश्शाची. मी टेबलाखालून सिस्टरांना खूण केली. त्या विचारत होत्या, "दरसाली फी भरता ना?"

"ती काऊन भरायची? आम्ही तर पुन्हा गेलोच नाय."

सिस्टरांनी तिथंच बसून त्यांच्या वतीनं कंपनीला अर्ज लिहून दिला, की थकलेली फी हप्त्यानं घ्यावी. सोपानरावांनी सही केली, आम्हाला दूध पाजलं. परत येताना मी म्हणालो, फीचं मिटलं की सौदा उत्तम आहे.

"सौदा चांगला हाय," सिस्टर म्हणाल्या. "पण तेवीस वर्षं लई होतात."

जास्त वर्षं मिळतात म्हणून नको म्हणणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसरी जाहिरात लासूर स्टेशनची. बाजार समितीच्या मागं दोन खोल्यांत निवृत्त शिक्षक राहत होते, कुलकर्णी गुरुजी. त्यांची मेंबरशिप जुन्या पद्धतीची होती. एकच ठिकाण, महाबळेश्वर. आठवडाही ठरलेला, जानेवारीचा दुसरा. पंचवीसातली सात वर्षं उरलेली. गुरुजी स्वतःच म्हणाले, "असलं आता कुणी घेत नाही. पोर्टलवर टाकून पाच महिने झाले, तुम्ही पहिल्याच."

कापडी पिशवीतून त्यांनी फाइल काढली. प्रत्येक वर्षाची फीची पावती, तारखेनुसार लावलेली. सिस्टर ती फाइल अशी चाळत होत्या की मला वाटलं आता तिला जवळ घेतात की काय.

"पहिल्या वर्षी हिला थंडी बाधली," गुरुजी सांगू लागले. "मग आम्ही घरून शेगडी न्यायचो. मॅनेजर रागवायचा. शेजारच्या खोल्यांतही दरवर्षी तीच माणसं यायची, आठवडा ठरलेला ना. एक साताऱ्याचं जोडपं, एक सुरतेचं कुटुंब. आम्ही एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना गेलो."

"आणि आता?"

"ही गेली परवाच्या साली. गेल्या जानेवारीत एकटा जाऊन पाहिलं. सगळे फार चांगले वागले. पण दिवसभरात कुणी म्हणालं नाही, स्वेटर घाला."

सिस्टरांनी फाइल मिटून पिशवीत ठेवली. किंमत गुरुजींनी सांगितली तीच मान्य केली. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं उन्हात उभ्या राहणाऱ्या बाई, घासाघिशीचा एक शब्द नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "सिस्टर, तुम्हाला गुरुजींची दया आली."

"दया करायला पगार नव्हता मला," त्या म्हणाल्या. "चांगला माल हाय म्हणून घेतला."

आता मात्र मला राहवेना. कंपनी पंचवीस वर्षं देत होती, सोपानराव तेवीस, तेही वाटेल तिथं, वाटेल तेव्हा. आणि तुम्ही घेतलीत सात वर्षं, एका ठिकाणी, एका आठवड्याची. चांगला माल कसा? सिस्टरांनी खिडकीची काच वर केली. शहराजवळचं मिटमिटा आलं होतं.

"ट्रेनिंगला होते तेव्हा हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघी. मी, जालन्याची रझिया, लातूरची कुसुम, नांदेडची सुमन. तवाच ठरलेलं, रिटायर झालो की दरसाली आठ दिवस एकत्र राहायचं. रिटायर होऊन बसलो समद्या. फोनवर हरएक जण म्हणती, केव्हाही जाऊ. केव्हाही म्हणलं की एकीला नातू असतो, एकीचे गुडघे. चौघी मिळून एकदाच भेटलो, रझियाचा नवरा गेला तेव्हा. मंग मी इचार केला, तारीख छापून आली पाहिजे. नर्सा हायत त्या. ड्युटी लागली की येतात."

"ते कळलं. पण सातच वर्षं?"

"कुसुमची शुगर, रझियाचं हृदय, माझं बीपी. सुमनला तर आताच काय ध्यानात राहत नाय. चौघींचे केसपेपर पाठ हायत मला." त्यांनी पदर सारखा केला. "सात पुष्कळ झाली. समोर बघा, ट्रक येऊ राहिला."

मी समोर बघितलं.

मेंबरशिप नावावर व्हायला पाच महिने लागले. कंपनीनं कागद मागितले, सिस्टरांनी मागितल्यापेक्षा दुप्पट पाठवले. डिसेंबरात छापील पत्र आलं आणि त्याच्या तीन प्रती जालना, लातूर, नांदेडला पोस्टानं गेल्या. रझियाबाईंचा होकार त्याच दिवशी आला, कुसुमताईंनी तर स्वयंपाकाच्या पाळ्या कशा लावायच्या ते विचारलं.

नांदेडहून मात्र सुमनताईंच्या मुलाचा फोन आला. सिस्टर ओट्यावर बसल्या होत्या, स्पीकर चालू होता, मी कुंपणाशी पाणी घालत होतो.

"मावशी, आईला आता कुणीच ओळखू येत नाही. मलासुद्धा कधी कधी. तिला पाठवून काय उपयोग?"

"बाळा, तिला नाय ओळखू आलं तर चालंल. आम्ही वळखतो ना तिला."

"पण रात्री-बेरात्री काही झालं तर?"

"एक पेशंट अन् तीन सिस्टर. सरकारी दवाखान्यात असा हिशोब मी कवाच पाहिला नाय."

मग तो म्हणाला, "तिच्या गोळ्यांची पिशवी कशी भरू ते सांगा." सिस्टरांनी वीस मिनिटं सांगितलं.

जानेवारीत मी त्यांना मध्यवर्ती बसस्थानकावर सोडायला गेलो. रझियाबाई आणि कुसुमताई आधीच येऊन भांडत होत्या, खिडकीजवळ कुणी बसायचं यावर. सुमनताईंना मुलानं हात धरून आणलं. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, केस मोकळेच. त्यांनी सगळ्यांकडं नीट बघितलं आणि सिस्टरांसमोर थांबल्या.

"तुम्ही कोण?"

"शकू. तुझ्या खोलीतली."

सुमनताईंनी थोडा विचार केला. "मग माझी वेणी घाल. उशीर झालाय."

पुण्यापर्यंतची बस लागलेली होती. कंडक्टर दारात उभा होता. सिस्टरांनी पर्समधून कंगवा काढला, पर्स माझ्याकडं दिली, सुमनताईंना बाकावर बसवलं आणि मागं उभ्या राहून त्या विरळ केसांचे तीन पेड करू लागल्या. कुसुमताईंनी आपल्या केसातली रिबीन सोडून पुढं केली. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली.

"थांबा हो जरा," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "होऊ राहिलंय."