दुखण्याचं प्रमाण माप

वजनमापे तपासणी कार्यालयात मोजल्याशिवाय काहीही खरं मानलं जात नसे, आणि त्यात वावगं काही नव्हतं. दुकानदार किलो म्हणतो म्हणून किलो होत नाही, काट्यावर टाकल्यावर होतो. कार्यालयाच्या मधल्या खोलीत, लाल मखमलीच्या पेटीत, पितळी प्रमाण वजनं झोपलेली असत. त्यांना उघड्या हाताने कुणी शिवत नसे. हाताच्या घामाने वजन वाढतं म्हणे. गावभरचे तराजू आणि मापं आणून या पेटीशी ताडून बघायची, जुळली तर शिक्का, नाही जुळली तर फुली. मापात पाप नको, एवढंच या कार्यालयाचं म्हणणं होतं.

शिक्का मारायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे शिक्केबाई म्हणत. वजन ऐरणीवर, शिक्का वजनावर, आणि हातोडीचा एकच ठोका. दुसरा कधी लागत नसे. तिच्या टेबलाच्या खणात जास्तीचे दोन शिक्के, फुलीचा ठसा, एक गरम पाण्याची पिशवी आणि गोळ्यांची एक पट्टी असे. शिक्क्यांची सरकारी नोंद होती, पिशवीची आणि गोळ्यांची नव्हती. त्यामुळे कार्यालयाच्या दृष्टीने त्या दोन वस्तू अस्तित्वात नव्हत्या.

शिक्केबाईला एंडोमेट्रिओसिस होता. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर गर्भाशय सोडून भलतीकडे, अंडाशयावर, आतड्यावर, ओटीपोटात घर करतं, दर महिन्याला तिथेच सुजतं, रक्ताळतं आणि आतले अवयव एकमेकांना चिकटवून टाकतं, असा हा आजार. हे कळायला तिचं अर्धं आयुष्य गेलं. शाळेत असताना आई म्हणाली, "सगळ्यांनाच दुखतं. चारचौघांत ओरडतेस काय?" पहिले डॉक्टर म्हणाले, गॅस. दुसरे म्हणाले, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर तिसरे म्हणाले, मूल झालं की थांबेल. मूल होईना, तेव्हा चौथे म्हणाले, तुम्ही फार मनाला लावून घेता. शेवटी एका सर्जनबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. तारीख होती सोळा. ती हुकली तर पुढची थेट पुढच्या वर्षी. त्या दिवशी घरी जाताना शिक्केबाईला रडू फुटलं. आपल्या दुखण्याला नाव आहे, याचाच तिला केवढा आनंद झाला होता.

तिने रजेचा अर्ज केला. हेडक्लार्कने तो दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"दुखतंय, असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"किती?"

"खूप."

"बाई, खूप हे माप आहे का? या कार्यालयात इतकी वर्षं काढलीत, आणि खूप?"

"डॉक्टरांचं पत्र जोडलंय ना."

"ते डॉक्टरांचं म्हणणं झालं. आपण भाजीवाल्याचं म्हणणं ऐकून शिक्का मारतो का? नाही ना? मग? आणि हे आजाराचं नाव फायलीत नको, कसंतरीच दिसतं. मी 'सदर आजार' करून घेतो."

अळीमिळी गुपचिळी करून ती टेबलाशी जाऊन बसली आणि पिशवी पोटाशी धरून तिने दिवसभर शिक्के मारले.

पण देव दयाळू असतो आणि वरचं कार्यालय त्याहून. त्याच आठवड्यात तिच्याच आजारावर परिपत्रक आलं, नाव हेडक्लार्कने इथेही बदलून घेतलेलं: सर्व कार्यालयांनी सदर आजाराबाबत जनजागृती सप्ताह साजरा करावा, जेणेकरून पीडित भगिनींच्या वेदनांची सर्वांस जाणीव व्हावी. सोबत एक यंत्रही आलं. एक करडी पेटी, दोन वायरी, वायरींच्या टोकाला पोटावर चिकटवायच्या चकत्या आणि एक ते दहा आकड्यांची फिरकी. चकत्या लावायच्या, फिरकी फिरवायची, की पोटात तशी कळ येते.

मोठे साहेब हरखले. "बघा! आता दुखणंसुद्धा मोजता येणार." शिक्केबाईच्याही जिवात जीव आला. चला, तिला वाटलं, आता तरी पटेल यांना.

मात्र बिनशिक्क्याचं कुठलंही उपकरण वापरणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा धरणारं कार्यालय हेच. यंत्रावर शिक्का हवा. शिक्क्यासाठी पडताळणी हवी. पडताळणीसाठी प्रमाण वेदना हवी. मखमलीच्या पेटीत सगळी वजनं होती, वेदना तेवढी नव्हती. हेडक्लार्क म्हणाला, "शिक्केबाईंची घ्यावी का, साहेब? त्यांच्याकडे आहे म्हणतात."

"छे! त्या हितसंबंधी व्यक्ती आहेत. प्रमाण कसं तटस्थ हवं. ज्याला कधी दुखलेलंच नाही, असं कुणीतरी." आणि जबाबदारीच्या जाणिवेने साहेबांनी स्वतःच सदरा वर केला.

एकवर साहेब हसले, गुदगुल्या होतात म्हणाले. दोनवर हसू थांबलं. तीनवर कपाळाला घाम आला. चारवर साहेबांनी "अगं आई गं! मेलो! बंद करा!" अशी आरोळी ठोकली की टेबलाला लाथ बसून दोन किलोचं वजन गडगडत दारापर्यंत गेलं. साहेबांना धरून केबिनमध्ये नेलं. कुणी वारा घातला, कुणी चहात साखर जास्त घातली. साहेब अर्ध्या दिवसाने घरी गेले आणि पुढचे दोन दिवस रजेवर राहिले. त्या रजेसाठी पुरावा कुणी मागितला नाही, कारण आरोळी सगळ्यांनी ऐकली होती.

साहेब परत आले ते निराळेच माणूस होऊन. खुर्चीवर मऊ उशी आली, चालणं सावकाश झालं. शिक्केबाईला मुद्दाम बोलावून ते म्हणाले, "बाई, ज्याचं जळतं त्यालाच कळतं हो."

"हो, साहेब."

"तुम्हाला नाही कळायचं ते. मी त्यातून गेलोय."

यंत्राच्या चार आकड्यावर झालेली साहेबांची वेदना ही प्रमाण वेदना ठरली आणि तिला 'एक साहेब' असं एकक मिळालं. शिक्केबाईनेच यंत्रावर शिक्का मारला. आठवडाभरात माप अंगवळणी पडलं. टंकलेखक दाढ धरून म्हणे, पाव साहेब दुखतंय. शिपायाच्या पायावर कपाट पडलं तेव्हा त्याने दीड साहेब सांगितलं, तर त्याला ज्ञापन मिळालं: साहेबांपेक्षा जास्त दुखणं हे शिस्तीला धरून नाही.

मग शिक्केबाईची मोजणी झाली. मधल्या खोलीत, सगळ्यांसमोर. चकत्या लावल्या, फिरकी फिरली. एकवर काही नाही. चारवर साहेबांनी स्वतःच डोळे मिटून घेतले. शिक्केबाई खिडकीबाहेर बघत होती. सातवर ती म्हणाली, "हेडक्लार्कसाहेब, वायर चहात बुडतेय बघा." दहावर फिरकी अडली. पुढे आकडेच नव्हते.

दुखत नव्हतं असं नाही. चांगलं दुखत होतं. पण हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं, आणि खरं सांगायचं तर खऱ्यापेक्षा कमीच होतं. यात मळमळ नव्हती, मांडीतून उतरणारी कळ नव्हती, शौचाला जायची धास्ती नव्हती. शिवाय याला बंद करायचं बटण होतं. शिक्केबाईला तर त्या बटणाचा हेवाच वाटला. चारचौघांत ओरडायचं नाही, हे तर लहानपणापासून हाडीमांसी मुरलेलं. साहेबांनी विचारलं, "काय होतंय?" आणि सवयीने ती म्हणाली, "काही नाही. बरी आहे मी."

शेरा पडला: वेदना, शून्य साहेब. सबब सदर आजार आढळून येत नाही. सबब ऑपरेशनची आवश्यकता नाही. सबब रजा नामंजूर.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा स्वभावाने भला माणूस, बायकोला कधी उणा शब्द बोलला नव्हता. तो कळवळून म्हणाला, "अगं, मग जरा ओरडायचं ना!"

"मला येत नाही ओरडता."

"त्यात काय यायचंय? फेरतपासणी माग. मी शिकवतो."

नवऱ्याने खिडक्या लावल्या. पहिल्यांदा ती ओरडली ते शेजारणीकडे विरजण मागावं इतपत. "मोकळं ओरड," तो म्हणाला. दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. तिसऱ्यांदा मात्र काय झालं कोण जाणे, तिच्या तोंडून आवाज निघाला आणि थांबेचना. शाळेतल्या बाकावरचा, लग्नाच्या मांडवातला, डॉक्टरांच्या दारातल्या रांगांमधला, ऐरणीपुढचा, इतक्या वर्षांचा तोंड दाबून खाल्लेला बुक्क्यांचा मार एकदम बाहेर आला. ती जमिनीवर बसली. नवरा पांढराफटक पडला होता.

"एवढं दुखतं?" तो म्हणाला.

"रोज नाही," ती म्हणाली.

"आणि मी रोज विचारायचो, कशी आहेस. तू म्हणायचीस, बरी आहे."

"तू दारातून चप्पल घालता घालता विचारायचास."

नवऱ्याने उठून पिशवीसाठी पाणी तापत ठेवलं.

फेरतपासणीला शिक्केबाई चार आकड्यावर ओरडली. अगदी साहेबांसारखी, "अगं आई गं"सकट. हेडक्लार्कने हळूच साहेबांकडे पाहिलं.

"मागच्या वेळी दहावर गप्प," साहेब बोटांवर मोजत म्हणाले. "आज चारवर आरोळी. एकाच वजनाला एखादा काटा दोनदा दोन आकडे दाखवतो, तेव्हा आपण काय म्हणतो?"

"काटा खोटा म्हणतो, साहेब."

"आणि मग?"

"फुली, साहेब."

"साहेब, मी काटा नाही हो," शिक्केबाई म्हणाली. "माणूस आहे. सोळा तारीख गेली तर वर्ष जाईल माझं."

"बाई, भावनेच्या भरात बोलू नका. मी समजू शकतो, मी स्वतः भोगलंय. पण नाटक करून खऱ्या पीडितांचा अपमान करू नये." साहेबांचा हात नकळत पोटाकडे गेला. "आणि सोळालाच सप्ताहाचा समारोप आहे. 'माझी वेदना, माझा लढा' या विषयावर मी बोलणार. यंत्र तुम्ही चालवायचं. तुमच्याइतका सराव कुणाला आहे?"

फुलीचा ठसा तिच्याच खणात होता. तिच्या अर्जावर तो तिनेच मारायचा, असा नियम होता. तिने मारला. एकाच ठोक्यात.

सोळा तारखेला ती कार्यालयात गेली नाही. नवऱ्याने बॅग उचलली, तिने चाव्या शेजारी दिल्या आणि दोघं दवाखान्यात गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरने विचारलं, "आत्ता दुखणं किती? शून्य ते दहा?" ती "दोन" म्हणाली. नवरा दारातून ओरडला, "नऊ लिहा हो! मी सांगतो, नऊ!" डॉक्टरने नऊ लिहिलं. नवऱ्याचं म्हणणं लगेच ग्राह्य धरलं गेलं, हे शिक्केबाईने भूल चढताना नोंदवून ठेवलं.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. आतडं अंडाशयाला चिकटलं होतं, अंडाशय गर्भाशयाला. सर्जनबाईंनी एकेक सोडवत आणलं. संध्याकाळी त्या खाटेशी येऊन म्हणाल्या, "अहो, एवढं घेऊन तुम्ही उभ्या कशा राहायचात? गप्प कशा राहिलात इतकी वर्षं? आधी बोलायचं नाही का?"

शिक्केबाईला हसू आलं. टाक्यांमुळे तिला धड हसताही येईना.

ती कामावर परतली तेव्हा टेबलावर ज्ञापन होतं: विनापरवानगी गैरहजेरीमुळे जनजागृतीत व्यत्यय आणल्याबद्दल खुलासा करावा. तिने सर्जनबाईंचा अहवाल जोडला, आतल्या फोटोंसकट. साहेबांनी फोटो उलटसुलट करून पाहिले आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते म्हणाले, "अरेरे! अहो, मग आधी नाही का सांगायचं?" अहवाल दप्तरी दाखल झाला. ज्ञापन मात्र मागे घेता आलं नाही, कारण त्यावर शिक्का होता.

समारोप तिच्यावाचूनही दणक्यात झाला होता. जिन्याजवळच्या बोळात आता एक पुरुषभर उंचीचं पोस्टर लागलं आहे. त्यावर आरोळी ठोकतानाचा साहेबांचा चेहरा आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'तिची वेदना ओळखा'. बाकी माहिती बारीक अक्षरांत. बोळ आधीच अरुंद. येणारेजाणारे तिथे थबकतात, वाचतात आणि चुकचुकतात, "काय भोगलं असेल हो बिचाऱ्यांनी!" कुणाकुणाचे डोळेही पाणावतात. शिक्केबाई टाके सांभाळत जिना चढून येते आणि घोळक्यामागे भिंतीला हात टेकून उभी राहते. तिला फक्त आपल्या खुर्चीपर्यंत जायचं असतं.

"जरा सरकता का?" ती म्हणते.

"थांबा हो बाई, वाचतोय ना. फार महत्त्वाचा विषय आहे."

तुमचंही वाचून होत आलंच. अधूनमधून हसलात, एकदोनदा चुकचुकलातही, चांगलं केलंत. आता जरा बाजूला व्हा. तुमच्या मागे ती केव्हाची उभी आहे. वळून विचारलंत, तर म्हणेल, "काही नाही. बरी आहे मी. चालू द्या तुमचं."