नावाड्याचा रुपया

आमच्या कॉलनीत कोणी गेलं, की खांदेकऱ्यांच्याही आधी गजभियेकाका पोचतात आणि मयताच्या तोंडात रुपयाचं नाणं घालू पाहतात. घरचे रडणं थांबवून त्यांचा हात धरतात. काकांना राग येत नाही. "नावाड्याचं भाडं आहे बाप्पा," ते समजावतात, "तिकडं उधारी नाही चालत."

मेलेल्याला पल्याड नेणाऱ्या नावाड्याला भाडं द्यायची ही त्यांच्या गावची रीत. भंडाऱ्याकडचं ते गाव म्हणे ग्रीसहून आलेल्या यवनांनी वसवलं, आणि रीतही त्यांचीच. लेण्यांना दान देणाऱ्या यवनांतले काही वाट चुकले आणि वैनगंगेकाठी राहिले, असं काकांचं म्हणणं. उभी नोकरी संरक्षण कारखान्यात तोफगोळे रंगवण्यात गेलेला हा पाच फुटी माणूस चहाच्या टपरीवर मान वळवून म्हणतो, "नाक पाह्य माह्यं. आता बोल." नाक चारचौघांसारखंच आहे.

पुराव्याला गावही उरलेलं नाही, ते धरणात गेलं. माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. इथल्याच नेपियर टाउनमधल्या एका क्लासवाल्या सरांनी "काकाजी, सबूत क्या है?" असं विचारलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "पानी के नीचे है. जाके देख लो."

काकू गेल्या तेव्हा मी तिथंच होतो. काकूही त्याच गावच्या. काकांनी नाणं काढलं, तसा मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, हे सारं सोडलं ना आपण. समाज पाहून राहिला." काकांनी नाणं परत खिशात टाकलं. सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्यांच्या मयताला नाणं घेऊन जाणं त्यानंतर सुरू झालं.

गेल्या रविवारी काका नदीवर, ग्वारीघाटावर दिसले. एकटेच होते, पण नावाड्यानं त्यांच्याकडून दोन सवाऱ्यांचे पैसे घेतले. तोही सरावलेला दिसला. मी विचारलं, "काका, दुसरं कोण?"

"तुही काकू," ते म्हणाले. "तिले रुपया नाही देऊ शकलो मी. पोराच्या धाकानं. हातात पैसा नाही, कोन नेईन तिले? उभीच असन काठावर."

एरवी मी हसलो असतो.

"चलो भैया, बैठो," नावाडी म्हणाला.

मी चपला काढल्या. काका नावेच्या एका कडेला सरकले, मी दुसऱ्या कडेला बसलो. मधली जागा आम्ही तशीच ठेवली.