न फुटलेल्या दाण्याची चौकशी

जुन्या व्यावसायिक पॉपकॉर्न-यंत्रांच्या जतन महासंघाचा अधिकृत दावा असा की, लाह्या फोडल्याने पॉपकॉर्न-यंत्र खराब होते. दावा निर्विवाद आहे. तेलाने भांडे काळवंडते, मिठाने पितळ हिरवे पडते, वाफेने काचेवरची सोनेरी अक्षरे सुटतात. यावरून ओघानेच असे ठरते की, उत्तम पॉपकॉर्न-यंत्र ते, ज्यातून पॉपकॉर्न कधीच निघत नाही. आणि या कसोटीवर कपड्यांचे कपाट हे त्याहूनही उत्तम पॉपकॉर्न-यंत्र होय. हा शेवटचा निष्कर्ष महासंघाच्या घटनेत अद्याप आलेला नाही (दुरुस्ती विचाराधीन आहे).

महासंघाचे कार्य मोठे आहे. सभासद एकशे बारा, यंत्रे दोनशे चौदा, गेल्या वर्षी फोडलेल्या लाह्या शून्य. हा आकडा सलग सतरा वर्षे टिकवण्यात कार्यकारिणीला यश आले आहे. वार्षिक प्रदर्शनात या दोनशे चौदा यंत्रांच्या मधोमध उभे राहून सभासद पुड्यातली बिस्किटे खातात. अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य. लाहीच्या टरफलांवर ज्यांचा दवाखाना चालायचा, त्यांनीच लाह्या बंद कराव्यात, हा त्याग सामान्य नव्हे. (वाचकाने हसण्यापूर्वी घरातल्या काचेच्या कपाटाकडे पाठ करून बसावे. त्यातल्या सहा कपांतून आजवर कोण चहा प्याले, हा प्रश्न तूर्त स्थगित.)

महासंघाचे भूषण म्हणजे तात्या. कारखान्यात लेथवर हयात घालवलेला माणूस. त्यांचे यंत्र मुळात त्यांच्या थोरल्या बहिणीचे. अक्का सव्वीस वर्षे एका थेटराच्या दाराशी त्यामागे उभी होती. थेटर बंद पडले तेव्हा मालकाने यंत्र तिलाच देऊन टाकले. तात्यांनी ते घरी आणले, पोचे काढले, पितळेची मूठ नवी घडवली, भांड्याच्या तळावरचे सव्वीस वर्षांचे काळे खरवडून आरसा केला. अक्का दर रविवारी विचारायची, "एक घाणा काढू का रे?" तात्या म्हणायचे, "डाग पडतील, अक्का." असे नऊ वर्षे चालले. त्या नऊ वर्षांत तात्यांना 'निष्कलंक' हा पुरस्कार नऊ वेळा मिळाला. पुढे अक्का विचारेनाशी झाली. विचारायचे काय, हेच तिला आठवेना, आणि समोरचा माणूस कोण, हेही.

दरवर्षी तपासनीस येतो आणि पांढरा हातमोजा घालून भांड्यातून बोटे फिरवतो. यंदा मोजा पिवळा निघाला. खालच्या खणात एक न फुटलेला दाणाही सापडला. दाणा बाटलीत घालून सीलबंद करण्यात आला. वापरात आढळलेले यंत्र जप्त होऊन महासंघाच्या तळघरात जाते, तिथे त्याला कोणी वापरू शकत नाही (आणि बघूही शकत नाही, त्यामुळे जतन परिपूर्ण होते).

चौकशी महासंघाच्या कार्यालयात झाली. टेबलावर बाटली, बाटलीत दाणा, भोवती कार्यकारिणीचे सात जण.

"तात्या, हा दाणा तुमचाच ना?" अध्यक्षांनी विचारले.

"यंत्रातलाच आहे, साहेब."

"तो तिथे गेला कसा?"

चिटणीसबाई पुढे वाकल्या. नऊही पुरस्कार त्यांच्याच हस्ते दिले गेले होते. "अहो तात्या, उंदरानं आणला म्हणा की! उंदराचं कलम आहे आपल्याकडे, बावीस ब. ताकीद मिळेल आणि यंत्र घरीच राहील."

"आणि मोजा पिवळा कसा झाला?" तात्यांनी विचारले.

"उंदराचे पाय तेलकट असतात," अध्यक्ष म्हणाले. दंतवैद्यकातील तीस वर्षांचा अनुभव त्यांच्या स्वरात होता. "म्हणा हो उंदीर. सगळे घरी जाऊ."

सातही माना हलल्या. महासंघाच्या इतिहासात इतके एकमत आजवर फक्त उंदरावरच झाले आहे. तात्यांनी बाटली उचलली, दाणा हलवून पाहिला, खाली ठेवली. मग त्यांनी जो जबाब दिला, तो इतिवृत्तात शब्दशः नोंदवला आहे:

"दाणा मीच टाकला. एक नाही, अख्खा घाणा काढला. अक्का दोन वर्षं मला ओळखत नाही. त्या दुपारी दाणे तडतडायला लागले तशी ती उठली, यंत्रामागे जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, 'रांगेत या, साहेब, ढकलाढकली नको.' मी रांगेत उभा राहिलो. एकटाच होतो. तिनं पुडा भरून दिला, वर एक मूठ जास्तीची टाकली, आणि उरलेल्या स्वतः खाल्ल्या. गुन्हा कबूल आहे, पण तुम्ही लिहिलाय तो नाही. नऊ वर्षं ती मला ओळखून विचारत होती आणि मी तिला हात लावू दिला नाही, तो लिहा. त्याला कलम नसेल तर नवं करा. तुम्हा सगळ्यांनाच लागू पडेल. यंत्र न्यायचं तर न्या. पण उंदराचं नाव घेऊ नका. त्यानं निदान खाल्लं असतं."