हमीदभाईंचा नारकंडा

बहरैनमधली जुलैतली दुपार होती. मनामाच्या रस्त्यावर मांजरसुद्धा पाय टेकवत नव्हतं, आणि आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, कोणीतरी घोडा फिरवत होतं. ठाक, ठाक, ठाक. भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. सुषमा म्हणाली, "वर जाऊन बघा तरी. आपला पंखा हलतोय."

मी वर गेलो. दार हमीदभाईंनी उघडलं. कमरेला चौकड्याची लुंगी, अंगात बनियन, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी आणि पायांत पोटऱ्यांपर्यंत येणारे लालभडक प्लास्टिकचे बूट. घामाने माणूस नुसता निथळत होता.

"या, साठेसाहेब! बूट मोकळे करतोय," ते म्हणाले. "उकाड्यात प्लास्टिक नरम पडतं. थेट बर्फावर घातले तर पाय सोलून निघंल."

"कुठल्या बर्फावर?"

"नारकंडा," ते म्हणाले. जसा काही तो इथल्याच अरादच्या पुढचा बसस्टॉप आहे.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. हमीदभाई मूळचे राजापूरचे. मनामाच्या जुन्या बाजारात, बंदरातून माल सोडवणाऱ्या एका कंपनीत कारकून होते. वय पन्नाशीच्या पुढे. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नाही. स्कीइंगशी त्यांचा संबंध यावा असं त्यांच्या कुंडलीत काही नव्हतं. तो आला इस्त्रीच्या टेबलामुळे. शहराबाहेर जनाबियाला एका कंपाउंडमधला इंग्रज देश सोडून निघाला होता आणि घरातलं सामान विकत होता. हमीदभाई गेले इस्त्रीचं टेबल घ्यायला. टेबल कोणीतरी आधीच उचललं होतं. मग गोऱ्याने कोपऱ्यातल्या दोन लांब पट्ट्या, दोन काठ्या आणि हे बूट दाखवले. भाव इतका पडेल होता की हमीदभाईंनी वस्तू काय आहे हे न विचारताच होय म्हटलं.

"टॅक्सीत बसल्यावर कळलं, ह्याला बर्फ लागतो," ते सांगायचे. "पण घेतलेली वस्तू पडून ऱ्हायलेली मला बघवत नाय. मग काय करणार? बर्फ शोधला."

बर्फाआधी वाळू झाली. शुक्रवारी ते वाळवंटात जायचे आणि एखादं उंचवट्यासारखं काही दिसलं की वरून घसरायचे. म्हणजे घसरायला जायचे. वाळू पट्ट्या धरून ठेवायची आणि हमीदभाई तेवढे पुढे जायचे. एकदा एका म्हाताऱ्या बहरैनी माणसाने पिकअप थांबवला, हा पालथा पडलेला मनुष्य बघितला आणि काळजीने विचारलं की हे काय चाललंय. हमीदभाईंनी तोंडातली वाळू थुंकून सांगितलं, "रियाधा, हाजी, रियाधा!" म्हणजे खेळ. हाजीने त्यांना पाणी दिलं, खजूर दिले, पट्ट्या पिकअपमध्ये टाकल्या आणि शहरापर्यंत आणून सोडलं. वाटेत दोनदा 'मजनून', म्हणजे वेडा, म्हणाला, पण मायेने.

लोकांनी सुचवलं, स्वित्झर्लंडला जा. हमीदभाई हात झटकत. "तिथं शंभर माणसांत मी पडणार, शंभर माणसं हसणार, वर पैसे मी देणार? नारकंडा बघा. सिमल्याच्या पुढं. गर्दी मफी, भाडं मफी, थंडी फुल्ल!" मफी म्हणजे नाही. हे वाक्य ते गणपतीच्या आरतीनंतर, ईदच्या शीरखुर्म्यावर आणि एकदा तर कोणाच्या तरी बारशात पाळण्याची दोरी धरून म्हणाले होते.

दर वर्षी थंडीत ते एकटे जायचे आणि फोटो घेऊन यायचे. प्रत्येक फोटोत हमीदभाई पट्ट्यांवर ताठ उभे. हलतानाचा एकही नाही.

दुसऱ्या वर्षापासून बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. माणूस वर्षाची रजा मिळाली की राजापूरला जात नाही, भावांकडे जात नाही, सरळ हिमाचलात जातो. का? तळमजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी निकाल दिला: "बाई आहे तिकडे." पुरावाही होता. जाताना हमीदभाई बाजारातून बायकांची गरम शाल घेतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय मोजे. बायकांचे!

तिसऱ्या वर्षी माझी रजा नेमकी त्याच सुमारास आली. हमीदभाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "येताव काय?" आणि सुषमा चटकन 'हो' म्हणाली. हमीदभाईंनी तिला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत, पण हो कधी कोणी म्हटलं नव्हतं. सुषमाला बर्फाची हौस नव्हती. तिला कुलकर्णीबाईंनी कामगिरीवर पाठवलं होतं.

दिल्लीला कस्टमवाल्याने विचारलं, "ये क्या है?" हमीदभाई म्हणाले, "फळ्या हैं, साब," आणि तो इतका गोंधळला की त्याने जाऊ दिलं. पुढे पट्ट्या बसच्या टपावर आणि आम्ही आत. सिमला मागे पडल्यावर सुषमाने हळूच विषय काढला. "भाई, तुम्ही घरी नाही का जात? राजापूरला?"

"जायचो की, वहिनी," ते हसत म्हणाले. "बॅग उघडंपर्यंत मी चाचाजान. बॅग रिकामी झाली की पडवीतली खाट. कुणी वाईट नाय हो. भरलं घर, सगळी आपापल्या कामात. दोन महिने ऱ्हायलो तरी मी जेवलो का हे विचारायला कुणाला सुचायचं नाय." आणि लगेच खिडकीबाहेर बोट दाखवून ओरडले, "तो बघा बर्फ! यल्ला, चला!"

नारकंडा म्हणजे रस्त्याकाठची चार दुकानं, देवदार आणि एक उतार. लिफ्ट नाही. पट्ट्या खांद्यावर घेऊन धापा टाकत वर जायचं आणि घसरत खाली यायचं. उताराच्या पायथ्याशी पत्र्याचं चहाचं दुकान होतं. आम्ही पोचतो न पोचतो तोच दुकानातून सत्तरीची एक वाकलेली बाई काठी टेकत बाहेर आली, हमीदभाईंसमोर उभी राहिली आणि त्यांच्या दंडावर तिने फाडकन एक चापट मारली.

"इतने दिन लगा दिए? पिछले हफ्ते से रजाई धूप में डाल रही हूँ, मुए!"

हमीदभाईंनी बॅग उघडून शाल तिच्या खांद्यांवर टाकली. मग मोजे दिले. सुषमाने माझ्याकडे बघितलं. कुलकर्णीबाईंची 'बाई' आम्हाला सापडली होती. सगळे तिला अम्मा म्हणत. तिचा मुलगा खाली कुठे शहरात नोकरीला होता आणि क्वचितच वर यायचा.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शिकवायला तिथला ठाकूर, आमच्या पट्ट्याही त्याच्याच, आणि मध्ये मध्ये हमीदभाई. "थांबायचं कसं?" मी विचारलं. "पडायचं," हमीदभाई म्हणाले. "पडला की माणूस थांबतो. अल्लानं तशी सोय केलीय." मी ती सोय सकाळभर वापरली. सुषमा मात्र संध्याकाळपर्यंत सरळ रेषेत उतरायला लागली. हमीदभाई टाळ्या वाजवत होते आणि स्वतः दुकानापाशी येऊन धाडकन पडत होते. रोज तेच. वरून येताना दिसायचे, दुकानापाशी आले की धप्प. मग अम्मा बाहेर यायची, शिव्या द्यायची, त्यांना आत नेऊन शेगडीपाशी बसवायची, हळदीचं दूध द्यायची आणि गुडघ्याला मोहरीचं तेल चोळायची. जगाला बडबडीने हैराण करणारा हा माणूस तेवढा वेळ डोळे मिटून गप्प बसायचा.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. आम्हाला शिकवणाऱ्या ठाकूरला मी म्हणालो, "तीन साल से आ रहे हैं, अभी तक इतना गिरते हैं?"

ठाकूर हसला. "साब, आप कल सुबह मेरे साथ ऊपर चलिए."

सकाळी सुषमा आणि मी त्याच्याबरोबर देवदारांच्या वरच्या टप्प्यावर जाऊन उभे राहिलो. आमच्याही वर, पार माथ्यावर, हमीदभाई एकटेच होते. खाली कोणी बघत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी काठ्या टेकल्या आणि निघाले. मी आयुष्यात एवढं देखणं काही बघितलं नव्हतं. बेढब पोटाचा, गोंड्याच्या टोपीतला तो कारकून डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, झाडाला वळसा घालून आला, पट्ट्यांमागे बर्फाची बारीक धूळ उडाली. आमच्या शेजारून तो सुर्रकन गेला. वाटेत एक दगड आला, तर पट्ट्या आडव्या करून जागच्या जागी थांबला आणि पुन्हा निघाला. पाय कुठे डळमळला नाही.

"पहले साल ही सीख गए थे," ठाकूर हळूच म्हणाला.

हमीदभाई पायथ्याशी पोचले. दुकान जवळ आलं तसा वेग त्यांनी अलगद कमी केला. मान जरा लांब करून दाराकडे पाहिलं. अम्मा दारात कोळसे फोडत बसली होती. तिने मान वर केली मात्र, हमीदभाईंनी दोन्ही हात हवेत फेकले आणि धाडकन आडवे झाले.

"हाय राम! फिर गिर गया!" काठी विसरून अम्मा बर्फातून धावत सुटली.

सुषमा हसली नाही. तिने माझी बाही घट्ट धरली. खाली हमीदभाई पाठीवर पसरून आभाळाकडे बघत होते. त्यांना उठायची मुळीच घाई नव्हती.